पुराव्याविना संशय : विद्यापीठांतील एआय-नकलेची पार्श्वभूमी

दुसऱ्याचा मजकूर आपल्या नावावर खपवणे विद्यापीठांना नवे नाही. मात्र त्या चोरीचे मूळ कुठेतरी सापडत असे आणि ते समोर ठेवले की वाद मिटे. इंटरनेटवरून उतरवणे सोपे झाले, तेव्हा टर्निटिनसारख्या प्रणालींनी हेच शोधकाम संगणकाकडे सोपवले. पैसे मोजून निबंध लिहून घेण्याच्या धंद्याने या तपासणीला बगल दिली, कारण तो मजकूर नव्यानेच लिहिलेला असे. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने अशी सेवा विकणे गुन्हा ठरले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी खुले झाले आणि तीच सोय कुणालाही फुकट मिळू लागली.

मजकूर एआयने लिहिला आहे का हे ओळखणारी साधने आली, पण त्यांच्यावरचा भरवसा लवकर ओसरला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेले स्वतःचे असे साधन एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के ओळखत होते. जुलैमध्ये कंपनीनेच ते मागे घेतले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध ही साधने मोठ्या प्रमाणावर यंत्रलिखित ठरवतात, असे स्टॅनफर्डमधील संशोधकांनी त्याच वर्षी दाखवले, आणि माझ्या मते हा अन्याय सर्वांत गंभीर आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तर हिशेब मांडला की, चुकीचे प्रमाण फक्त एक टक्का धरले तरी ७५,००० निबंधांमागे सुमारे ७५० निबंध विनाकारण संशयित ठरतील. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने टर्निटिनचे एआय ओळखणारे साधन बंद केले. पुढे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील प्रयोगात, परीक्षकांच्या नकळत मिसळलेली एआयची ९४ टक्के उत्तरे कुणाच्याच लक्षात आली नाहीत.

प्राध्यापकांचे मन खचते ते इथे. अनुभवी शिक्षकाला मजकूर विद्यार्थ्याचा नाही असे जाणवते, पण दाखवायला मूळ नसते. आरोप करावा तर निर्दोषाचे नुकसान होण्याची भीती आणि गप्प बसावे तर प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यावर अन्याय. समासात मन लावून लिहिलेले शेरे कुणी विचारच न केलेल्या वाक्यांवर जात असतील, ही शंका अध्यापनाच्या मुळावरच येते.

म्हणून अनेक ठिकाणी हस्तलिखित आणि तोंडी परीक्षा परतल्या आहेत. सिडनी विद्यापीठाने देखरेखीखालचे मूल्यमापन आणि एआयला मुभा असलेले काम असे दोन मार्ग वेगळे केले. तरीही आठवडे खर्चून, वाचून, खोडून लिहिलेल्या दीर्घ निबंधाची जागा तीन तासांची परीक्षा घेऊ शकत नाही. शिवाय शेकडो विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घ्यायला लागणारा वेळ कंत्राटी शिक्षकांच्या मानधनात सहसा धरलेलाच नसतो.