फूजी पंचसरोवरे

जपानच्या होन्शू बेटावरील यामानाशी प्रांतात, फूजी (उंची ३,७७६ मी.) या ज्वालामुखी पर्वताच्या उत्तर पायथ्याला कमानीसारखी वेढून असलेली पाच सरोवरे. पूर्वेकडून पश्चिमेकडे यामानाका, कावागुची, साई, शोजी व मोतोसु असा त्यांचा क्रम आहे. यामानाका सर्वांत विस्तीर्ण (सु. साडेसहा चौ. किमी.), शोजी सर्वांत लहान (सु. अर्धा चौ. किमी.), तर मोतोसु सर्वांत खोल (१२१·६ मी.) आहे. नदीवाटे नैसर्गिक निचरा फक्त यामानाकाचा होतो. तेथून उगम पावणारी कात्सुरा नदी पुढे सागामी या नावाने समुद्रास मिळते.

लाव्ह्याने पाण्याच्या वाटा अडवल्याने ही सरोवरे बनली, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो काळाचा व क्रमाचा. पश्चिमेकडील तीन सरोवरांच्या बाबतीत लेखी पुरावा भक्कम आहे. ९०१ मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन सांदाई जित्सुरोकु’ या दरबारी इतिहासग्रंथात जोगान शकाच्या सहाव्या वर्षी (८६४) झालेल्या उद्रेकाचा वृत्तांत आहे. वितळलेला खडक मोतोसु व से या दोन सरोवरांत शिरला, पाणी उकळले, मासे व कासवे मेली आणि काठची घरे गाडली गेली, असे त्यात म्हटले आहे. उद्रेक ८६६ पर्यंत चालला असावा. त्यातून बाहेर पडलेला लाव्हा सु. १·४ घ. किमी. असावा, असा अंदाज हवाई लेसर मोजणी व वेधनछिद्रे यांच्या आधारे केला गेला आहे. जुन्या से सरोवराच्या जागी हा थर शंभर मीटरांहून जाड भरला. त्यावर पुढे वाढलेले दाट जंगल म्हणजेच आओकिगाहारा.

एकच मोठे सरोवर ८६४ मध्ये तीन भागांत फुटले, असे पर्यटन-पुस्तिकांत सर्रास छापले जाते. मूळ वृत्तांताशी ते जुळत नाही. त्यात मोतोसुचा उल्लेख से सरोवराहून वेगळा आहे. त्यामुळे मोतोसु प्रागैतिहासिक काळातील एखाद्या लाव्हाप्रवाहाने आधीच अलग झाले होते आणि ८६४ मध्ये से सरोवराचे साई व शोजी हे दोन तुकडे उरले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिन्ही सरोवरे मुळात एकत्र होती याला दुजोरा मिळतो तो त्यांच्या पाण्याच्या पातळीवरून. ती तिन्हींत समुद्रसपाटीपासून सु. ९०० मी. असून जवळजवळ एकदमच चढते-उतरते. सच्छिद्र लाव्ह्यातून भूजल खेळत असल्याचे हे लक्षण मानतात. मात्र सरोवरांना थेट जोडणारे भुयारी मार्ग आहेत, ही समजूत सिद्ध झालेली नाही.

यामानाकाच्या उत्पत्तीविषयी आधार विरळ आहेत. ८०० ते ८०२ च्या उद्रेकाशी तिचा संबंध जोडणारी परंपरा बरीचशी उत्तरकालीन व संशयास्पद कागदपत्रांवर उभी आहे. काही अभ्यासक ९३७ मधील ‘फूजीच्या दैवी अग्नीने सरोवर बुजवले’ अशा आशयाच्या नोंदीकडे बोट दाखवतात.

साई सरोवराचे प्राणिशास्त्रीय महत्त्व कुनिमासु या सामन-कुलातील माशामुळे आहे. हा मासा मुळात उत्तरेकडील आकिता प्रांताच्या ताझावा सरोवरातला. १९४० च्या सुमारास वीज व शेतीसाठी तेथे नदीचे आम्लयुक्त पाणी वळवण्यात आले आणि तो नष्ट झाला. त्याची अंडी १९३५ मध्ये साई येथे धाडली होती, पण ती जगल्याचे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. २०१० मध्ये क्योतो विद्यापीठाच्या नाकाबो तेत्सुजी यांच्या गटाने साईमधील नमुन्यांवरून त्याची ओळख पटवली. स्थानिक कोळी हा ‘काळा’ मासा त्याआधीही पकडून खात होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

सप्टेंबर १९६६ च्या वादळात साईकाठची वस्ती दरडींखाली गाडली गेली. त्यातील नेनबा या गावी २००६ मध्ये शाकारलेल्या घरांचे खुले संग्रहालय उभारण्यात आले.

एदो काळात (१६०३–१८६८) फूजी-को या भक्तमंडळांचे यात्रेकरू शिखरावर चढण्यापूर्वी या व आसपासच्या जलाशयांवर स्नान-शुद्धी करीत. संप्रदायाचे आद्यपुरुष मानले गेलेले हासेगावा काकुग्यो यांनी येथे जलतप केल्याची परंपरा आहे. ‘पाच सरोवरे’ हा संच मात्र अर्वाचीन असून त्याच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः रेल्वे-उद्योजक होरिउची र्‍योहेई यांना देतात. २०१३ मध्ये पाचही सरोवरे फूजीसह युनेस्कोच्या जागतिक वारशात आली.

पर्यटकांचा मुख्य ओघ कावागुचीकडे असतो. तोक्योच्या शिंजुकू स्थानकावरून ओत्सुकी व तेथून खासगी रेल्वेने कावागुचिको असा प्रवास होतो. पुढे बस मिळते. कावागुचीतील उनोशिमा हे पाचही सरोवरांतील एकमेव बेट. पाण्यातील फूजीचे प्रतिबिंब पाहायचे तर हिवाळ्यातील वारा नसलेली सकाळ बरी. उन्हाळ्यात पर्वत पुष्कळदा ढगांत असतो. साईच्या काठावरून मधल्या डोंगरामुळे तो पुरता दिसत नाही. शोजीवरून ओमुरो टेकडी त्याच्या पुढ्यात येते. मोतोसुवरील दृश्य १९८४ च्या पाच हजार येनच्या व २००४ च्या एक हजार येनच्या नोटेवर होते. २०२४ च्या नव्या हजार येनच्या नोटेवर त्याच्या जागी चित्रकार होकुसाईचे लाटेचे चित्र आहे.