सात आठवड्यांचा अंदाज, तेवीस आठवड्यांची वाट

नोकरी मिळायला किती आठवडे लागतील, असे अमेरिकेतील बेरोजगारांना विचारण्यात आले, तेव्हा त्यांच्या उत्तरांची सरासरी सुमारे 7 आठवडे भरली. प्रत्यक्षात त्यांना सरासरी सुमारे 23 आठवडे लागले. अर्थशास्त्रज्ञ योहानेस स्पिनेविन यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातील ही तफावत आहे. त्यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याहून चमत्कारिक गोष्ट दिसली: बेरोजगारी लांबत गेली, तरी नोकरी मिळण्याच्या शक्यतेचा आपला अंदाज माणसे खाली आणत नाहीत.

यामागची मानसिक खोड जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये तिचे वर्णन ‘नियोजनातील भ्रम’ असे केले. पुढे 1994 मध्ये कॅनडातील विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असे विचारले असता सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा निघाला आणि प्रत्यक्षात लागले 55हून अधिक. अंदाज बांधताना आपण आपल्याच कामाचे चित्र रंगवतो, आणि त्या चित्रात जाहिरात, अर्ज, मुलाखत, नेमणुकीचे पत्र असे सगळे एकापाठोपाठ घडते. मनुष्यबळ विभागातील अधिकारी रजेवर जाणे किंवा मंजूर झालेली जागाच गोठवली जाणे त्यात नसते. म्हणून अंदाज स्वतःच्या मनाला न विचारता इतरांच्या अनुभवावरून बांधावा. आपल्याच क्षेत्रातील, आपल्याइतक्याच अनुभवाच्या पाच-सहा जणांना शोध कधी सुरू केला आणि पत्र कधी हातात पडले, एवढेच विचारावे. मात्र ज्यांना नोकरी मिळाली त्यांनाच विचारले, तर उत्तर पुन्हा कमीच येईल, कारण जे अजून शोधत आहेत त्यांचे आठवडे त्या हिशेबात येत नाहीत.

आता थोडे गणित करू. एका अर्जावरून मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता 5 टक्के आहे, असे केवळ उदाहरणासाठी मानू. 20 अर्ज करूनही एकही बोलावणे न येण्याची शक्यता तब्बल 36 टक्के उरते. म्हणजे वीस अर्जांनंतरची शांतता आपल्या लायकीबद्दल फारसे काही सांगत नाही, आणि तरीही अनेक जण याच टप्प्यावर खचतात. 45 अर्जांनंतरही शांतता असेल, तर गोष्ट वेगळी. शक्यता खरोखर 5 टक्के असती, तर असे घडण्याचा संभव जेमतेम 10 टक्के होता. ती 1 टक्का असती, तर मात्र 64 टक्के. अशा वेळी अर्जांची संख्या वाढवण्यापेक्षा बायोडेटा तपासणे किंवा जागांची निवड बदलणे अधिक शहाणपणाचे ठरते. अर्थात, हे गणित प्रत्येक अर्जाचा निकाल स्वतंत्र आहे असे गृहीत धरते. एकच सदोष बायोडेटा पंचेचाळीस ठिकाणी पाठवला, तर ते गृहीतक कोसळते.

स्पर्धा परीक्षांना हा हिशेब लागूच पडत नाही. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. तिथे अर्ज वाढवून शक्यता वाढत नाही. किती प्रयत्न करायचे आणि दुसरी वाट कोणत्या तारखेला धरायची, हे आधी ठरवता येते.

‘दोन महिन्यांत नोकरी’ हे उद्दिष्ट म्हणून मला सदोष वाटते, कारण निर्णय दुसऱ्याच्या हातात असतो. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या संशोधनानुसार ‘जमेल तेवढे करा’ यापेक्षा नेमके आणि अवघड ध्येय दिल्यास काम सरस होते. पण कॅन्फर आणि अ‍ॅकरमन या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना विमान वाहतूक नियंत्रणाचे काम संगणकावर करायला दिले, तेव्हा शिकण्याच्या सुरुवातीलाच घातलेले गुणांचे ध्येय कामाच्या आड आल्याचे आढळले. पहिल्यांदाच मुलाखत देणाऱ्याची अवस्था याहून निराळी नसते. त्याने सुरुवातीला ‘या आठवड्यात दोन सराव मुलाखती’ असे शिकण्याचे ध्येय ठेवणे बरे.

दक्षिण आफ्रिकेतील बेरोजगार तरुणांवरील एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्याकडून नोकरीशोधाचा तपशीलवार आराखडा भरून घेतला, त्यांचे अर्ज 15 टक्क्यांनी, नोकरीचे प्रस्ताव 30 टक्क्यांनी आणि प्रत्यक्ष नोकरी मिळण्याचे प्रमाण 26 टक्क्यांनी वाढले. शोधावर खर्च होणारा वेळ मात्र वाढला नव्हता. केवळ ओळखीपाळखीवर विसंबून न राहता ते अनेक मार्गांनी अर्ज करू लागले होते. दर आठवड्याला आठवण करून देणारे संदेश पाठवल्याने यात काही भर पडली नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. घरखर्च महिना 30,000 रुपये आणि शिल्लक 1,20,000 रुपये असेल, तर ती चार महिने, म्हणजे साधारण 17 आठवडे पुरते. 7 आठवड्यांच्या अंदाजाने चालणाऱ्याला ती भरपूर वाटते. 23 आठवडे धरून चालणाऱ्याला मात्र शिकवण्या, कंत्राटी काम किंवा कमी पगाराची तात्पुरती नोकरी कोणत्या आठवड्यात पत्करायची, ते पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवावे लागते.