हाताय: रकान्यांतून घडलेले राष्ट्र

हाताय म्हणजे पूर्वीचा अलेक्झांड्रेटाचा प्रदेश. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाशी या अलेक्झांड्रेटाची गल्लत नेहमी होते. हे बंदर तेव्हाच्या सीरियाच्या वायव्य कोपऱ्यातले, आजचे तुर्कस्तानातले इस्केन्देरुन. त्याभोवतीचा सांजाक, म्हणजे उस्मानी काळातला जिल्हा, पहिल्या महायुद्धानंतर सीरियाबरोबर फ्रेंच मॅन्डेटखाली, म्हणजे राष्ट्रसंघाने फ्रान्सकडे सोपवलेल्या कारभाराखाली, आला. फ्रान्स आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९२१च्या अंकारा कराराच्या ७व्या कलमाने तिथे खास प्रशासन ठेवले आणि तुर्की भाषेला अधिकृत दर्जा दिला.

पेच पडला १९३६मध्ये. सप्टेंबरात सीरियाच्या स्वातंत्र्याच्या कराराचा मसुदा ठरला आणि तुर्कस्तानने हरकत घेतली: आम्ही हा प्रदेश फ्रान्सच्या भरवशावर सोडला होता, दमास्कसच्या नव्हे. जिनिव्हात, राष्ट्रसंघापुढे, तडजोड झाली ती मे १९३७मध्ये. अंतर्गत कारभार सांजाकचा, परराष्ट्र व्यवहार सीरियाचा, जकात आणि चलन दोघांचे एक. विधिमंडळ ४० जणांचे.

या ४० जागांची वाटणी हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. जागा समाजवार मिळणार होत्या, म्हणून प्रत्येक मतदाराने आधी आपला समाज नोंदवायचा होता. रकाने असे: तुर्क, अलवी (शिया परंपरेतून निघालेला एक पंथ), अरब, आर्मेनियन, ग्रीक ऑर्थोडॉक्स, कुर्द आणि इतर. नीट पाहिले तर मोजपट्टी एक नाही. ‘तुर्क’ आणि ‘अरब’ भाषेवरून, ‘अलवी’ आणि ‘ऑर्थोडॉक्स’ धर्मावरून. अलवींची भाषा अरबी, बहुतेक ऑर्थोडॉक्सांचीही अरबीच. म्हणजे अरबी बोलणारे तीन रकान्यांत विभागले गेले आणि ‘अरब’ या रकान्यात मुख्यतः सुन्नीच उरले. १९३६च्या फ्रेंच अंदाजात तुर्क सुमारे ३९ टक्के होते, अलवी २८, सुन्नी अरब १०, आर्मेनियन ११. तुर्क हा सर्वांत मोठा गट होता, पण बहुसंख्य नव्हता. अलवी आणि सुन्नी अरब एका रकान्यात धरले असते, तर तेवढेही तुर्कांच्या बरोबरीला येत होते.

दुसरा वाद पडताळणीचा. मतदार सांगेल तोच त्याचा समाज, वर चौकशी नको, असा तुर्कस्तानचा आग्रह होता आणि नियम त्या दिशेने बदलले गेले. कागदावर हे उदार वाटते. पण त्याच काळात तुर्की प्रचार अलवींना ‘एती तुर्क’, म्हणजे हित्ती या अनातोलियातल्या प्राचीन लोकांचे वंशज, ठरवत होता (हाताय हे नावही त्याच सिद्धान्तातून १९३६मध्ये अंकाऱ्याने दिलेले). नोंदणीच्या मेजासमोर उभ्या अलवी शेतकऱ्याला आता दोन रकाने खुले होते, आणि त्याने कोणता निवडावा यासाठी दोन्हीकडून दबाव होता.

मे १९३८मध्ये नोंदणी सुरू झाली, दंगली पेटल्या, आणि जूनमध्ये नोंदणीवर देखरेख करणारा राष्ट्रसंघाचा आंतरराष्ट्रीय आयोग काम अर्धवट टाकून निघून गेला. ५ जुलैला तुर्की सैन्य आत आले. नोंदणी मग फ्रेंच-तुर्की देखरेखीखाली पुरी झाली: ५७,००८ नावांपैकी तुर्क ३५,८४७, म्हणजे ६३ टक्के. दोन वर्षांत ३९चे ६३ होणे जन्ममृत्यूने घडत नाही. जागा: तुर्क २२, अलवी ९, आर्मेनियन ५, अरब २, ऑर्थोडॉक्स २.

२ सप्टेंबर १९३८ला विधिमंडळ बसले आणि हाताय राष्ट्र झाले. झेंडा तुर्कीच, फक्त पांढऱ्या चांदणीचे पोट लाल. तुर्की तिकिटांवर ‘हाताय देवलेती’ (हाताय राज्य) असा ठसा मारून टपाल चालू झाले. जून १९३९च्या अखेरीस याच विधिमंडळाने तुर्कस्तानात विलीनीकरणाचा ठराव केला, २३ जुलैला शेवटचे फ्रेंच सैनिक गेले.

फ्रान्सने हे होऊ दिले, कारण दुसरे महायुद्ध दाराशी आले होते आणि त्याला तुर्कस्तान आपल्या बाजूला हवा होता. पण मॅन्डेटच्या ४थ्या कलमानुसार सीरियाचा कोणताही भाग परक्या सत्तेला देता येत नव्हता. सीरियाने पुढे दशकानुदशके आपल्या नकाशात हा प्रदेश आपलाच दाखवला, तो याच आधारावर.

सीरियन वा लेबनीज नागरिकत्व घेणाऱ्यांना घरदार सोडून जाणे भाग होते. मुसा दाघ या डोंगरावरच्या आर्मेनियन गावांतले बहुतेक लोक लेबनॉनच्या बेका खोऱ्यात, अंजारला जाऊन वसले. त्यांपैकीच एका गावाचे, वाकिफलीचे, बरेचसे लोक मात्र थांबले, आणि ते गाव आजही आर्मेनियनच आहे.