युरोपात संत्र्याला इतकी नावं का?

संत्र्याला इंग्रजी-फ्रेंचमध्ये ऑरेंज म्हणतात, डचमध्ये सिनासापल, तर ग्रीकमध्ये पोर्तोकाली. शेजारच्या देशांत एकाच फळाची इतकी वेगळी नावं आढळतात, कारण हे फळ युरोपात दोनदा आलं.

आधी आलं ते कडू नारिंग. साधारण दहाव्या-अकराव्या शतकात अरबांनी ते सिसिली आणि स्पेनमध्ये रुजवलं. त्याचं नाव मात्र आपल्या बाजूचं. संस्कृतातला ‘नारङ्ग’ (त्याचं मूळ द्राविडी मानतात) फारसीत ‘नारंग’ आणि अरबीत ‘नारंज’ झाला. स्पॅनिशने पहिला ‘न’ जपला, पोर्तुगीजांनी त्याचा ‘ल’ केला आणि ‘लारांझा’ म्हणू लागले. इटालियन ‘अरांचा’त तो गळालाच. हा ‘न’ इंग्रजांनी गाळला असं अनेकदा वाचायला मिळतं, ते खरं नाही. शब्द इंग्रजीत पोचण्याआधीच तो गेला होता.

गोड संत्रं आलं पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे, आणि त्याच्या व्यापारात पोर्तुगीज आघाडीवर होते. म्हणून ग्रीक, रोमानियन, बल्गेरियन, अल्बेनियन अशा भाषांत फळाला चक्क पोर्तुगालचं नाव चिकटलं. तुर्की ‘पोर्ताकाल’ आणि अरबी ‘बुर्तुकाल’ही त्यातलेच. उत्तरेकडच्या लोकांनी फळाचं मूळ गाव लक्षात ठेवलं: डच ‘सिनासापल’ म्हणजे चीनचं सफरचंद. जर्मन ‘आप्फेलझीने’, स्वीडिश आणि रशियन ‘आपेलसिन’ याच घरातले.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती ग्रीक. तिने दोन्ही शब्द ठेवले आणि कामं वाटून दिली. अथेन्सच्या रस्त्यांच्या कडेला जी झाडं दिसतात ती ‘नेरांत्झी’ची, म्हणजे कडू नारिंगाची. त्याच्या साली पाकात मुरवून पाहुण्यांपुढे चमच्याने खायला ठेवतात. रसासाठी बाजारातून आणतात ते ‘पोर्तोकाली’. दोन शब्दांत त्या फळांचा सगळा प्रवास टिकून आहे.

डच लोकांच्या नारिंगी रंगाचा धागा मात्र वेगळाच. दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंज गावाचं रोमन काळातलं नाव अराउसिओ. त्याचा फळाशी संबंध नव्हता. पुढे उच्चार जुळले आणि दोन्ही नावं एकमेकांत मिसळली. 1544 मध्ये ऑरेंजच्या संस्थानाचा वारसा नासाऊ घराण्यातल्या विल्यमकडे आला. पुढे त्याने स्पेनविरुद्धच्या डच बंडाचं नेतृत्व केलं, आणि घराण्याला मिळालेल्या ‘ऑरेंज’ या नावावरून नारिंगी हा डचांचा राष्ट्रीय रंग ठरला. आजही तिथे रंगाला ‘ओरान्ये’ म्हणतात, फळाला ‘सिनासापल’.