घडवणं आणि मठारणं: हातोडी दोन्हीकडे, पण कामं वेगळी

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये एखाद्या स्टॉलवर किंवा ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात ठोक्यांचा तांब्या हातात घेतला की बहुतेकांना वाटतं, हे चमचमते ठोके मारत मारतच त्याला आकार आला असणार. तसं नसतं. आकार आधीच आलेला असतो, दिसणारे ठोके शेवटचे. आकार देणं ही घडाई आणि शेवटचं ठोकणं म्हणजे मठारकाम. शिकायला बसलेला नवखा माणूस या दोन्हींची गल्लत करतो आणि पहिली वाटी तिथेच वाकडी होते.

घडाईत नेमकं काय होतं, ते हिशेबाने बघितलं तर लवकर कळतं. १२ सेंटिमीटर तोंडाची, ६ सेंटिमीटर खोल वाटी करायची तर साधारण १८ सेंटिमीटर व्यासाची चकती कापावी लागते. या चकतीचा परीघ साडेछप्पन सेंटिमीटर, आणि तयार वाटीच्या तोंडाचा परीघ पावणेअडतीस. मधले जवळजवळ १९ सेंटिमीटर कुठे गेले? कापले तर नाहीत. बाहेरून ठोकत ठोकत ते आत दाबले, धातू स्वतःतच जिरला. त्यामुळे अशा वाटीची कड मूळ पत्र्यापेक्षा जाड लागते. उलट पत्रा लाकडाच्या खळग्यावर ठेवून आतून ठोकला, तर तो ताणला जातो आणि बुडाशी पातळ होतो. उथळ ताटलीला हे चालतं, पण खोल भांडं असं रेटत नेलं तर बुडाला भोक पडायला वेळ लागत नाही.

दाबलेला धातू हट्टी होतो. ठोके बसतील तसं तांबं कडक होत जातं, हातोडी उसळायला लागते, आवाज चढतो. मग थांबायचं आणि भट्टीवर किंवा गॅसच्या बर्नरवर भांडं मंद लाल होईपर्यंत तापवायचं. भर उजेडात हा रंग दिसतच नाही, म्हणून कोपरा अंधाराचा हवा. तांब्याचा वितळबिंदू १०८५ अंश सेल्सिअस, त्यामुळे तांबं वितळेल ही भीती नवख्याने फारशी बाळगू नये. पितळेच्या बाबतीत मात्र जपावं, ते त्याच्या बरंच आधी वितळतं. लाल तांबं सरळ पाण्यात बुडवलं तरी नरमच राहतं. पोलादाचं काम केलेल्या माणसाला हे पटता पटत नाही, कारण तिथे पाण्यात बुडवलं की धातू कडक होतो. बुडापासून कडेपर्यंत ठोक्यांच्या ओळी मारून एक फेरी झाली की पुन्हा तापवायचं. कडेला चुण्या पडतातच. त्या दुमडायच्या आधी बसवल्या नाहीत, तर पत्रा तिथे फाटतो.

मठारकामात आकार बदलायचाच नसतो. इथे हातोडीचं तोंड सपाट आणि आरशासारखं गुळगुळीत लागतं, कारण त्यावरचा एकूण एक ओरखडा भांड्यावर उमटतो. आतून पोलादी खुंटा टेकवलेला, त्याचा बाक भांड्याच्या बाकाशी जुळणारा. हातोडी एकाच जागी पडत राहते, भांडं डाव्या हाताने फिरवायचं. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर थोडा चढलेला हवा. खुंट्यावर नीट टेकलेल्या जागी ठोका बसला की भरीव ‘ठण्’ येतो. पोकळ आवाज आला तर तिथे पत्रा अधांतरी आहे, पुढचा ठोका मारलात की पोचा पडलाच म्हणून समजा. माझ्या मते खरी कसोटी इथे लागते. घडाईतली चूक भांडं तापवून सुधारता येते. मठारलेलं भांडं तापवलं की ठोक्यांनी आलेला कडकपणा गेला, आणि पत्र्याला ताकद यावी म्हणूनच तर मठारायचं असतं. शोभा ही वरकमाई.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी याच मठारकामासाठी ओळखली जाते. पंजाबात जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांची पितळ-तांब्याची भांडी घडवण्याची कला २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आज बाजारात मशीनवर आकार दिलेली आणि वरून हाताने मठारलेली भांडीही असतात. त्यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही, फक्त ती ‘हाताने घडवलेली’ म्हणून विकू नयेत. साच्यात दाबून नुसती नक्षी उठवलेलं भांडं मात्र वेगळं. त्यात आतून बोट फिरवा: बाहेरच्या प्रत्येक खळग्यामागे आत फुगवटा लागतो आणि सगळे ठसे एका मापाचे असतात. खुंट्यावर मठारलेल्या भांड्यात आतली बाजू बरीच सपाट लागते.

शिकायचं असेल तर २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा घ्या. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने घडाईची सुरुवात ठाण्याच्या फ्लॅटमध्येही दुपारी करता येते, शेजारच्या काकू फार तर एकदा डोकावतील. तापवणं आणि मठारणं घरात नकोच. लोखंडावर लोखंड पडायला लागलं की अख्ख्या विंगला ऐकू जातं. त्यासाठी वागळे इस्टेटमध्ये ओळखीच्या कुणाच्या गाळ्यात रविवारी कोपरा मिळतो का बघा. तिथे आवाजाचं कुणाला काही पडलेलं नसतं.