फळावर डोळा न ठेवता देवावर प्रेम : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात नवस म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अंबाबाईला, जोतिबाला बोललेला नवस फेडायला घरंच्या घरं निघतात. १८५२ साली रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी इथे आले. त्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांतही (चर्चच्या समुदायांतही) साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगायला, कुणी उठलं, की बहुधा लागलेल्या नोकरीबद्दल नाहीतर बऱ्या झालेल्या आजाराबद्दल बोलतं. त्यात गैर काही नाही, येशूनं मागायलाच सांगितलं आहे. पण मागण्यासारखं काही उरलं नाही तर देवाशी नातं टिकेल का, या प्रश्नाचा ख्रिस्ती ध्यानपरंपरेनं शतकानुशतकं पाठपुरावा केला.

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचे प्रमुख बर्नार्ड यांनी प्रेमाच्या चार पायऱ्या सांगितल्या. माणूस आधी स्वतःसाठी स्वतःवर प्रेम करतो, मग गरजेपोटी देवावर, मग देवासाठी देवावर आणि शेवटी स्वतःवरही केवळ देवासाठी. ही चौथी पायरी या जन्मात कुणाला पुरती गाठता येते का, याची बर्नार्डना शंकाच होती. देवावर प्रेम करणाऱ्याला फळ मिळतंच, पण फळासाठी प्रेम करू नये, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या पायरीवरच्या माणसाला त्यांनी हिणवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढच्या शतकात फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या धर्मयुद्धात ज्वांव्हील हा सरदार सोबत होता. त्यानं एक हकिगत लिहून ठेवली आहे. दमास्कसमध्ये एका संन्याशाला रस्त्यानं जाणारी म्हातारी दिसली, एका हातात विस्तव, दुसऱ्या हातात पाणी. विस्तवानं स्वर्ग जाळायचा आणि पाण्यानं नरक विझवायचा, म्हणजे लोक देवावर देवासाठीच प्रेम करतील, असं ती म्हणाली. सूफी परंपरेत हीच गोष्ट बसऱ्याच्या राबिया या संत स्त्रीची म्हणून सांगतात.

खरा भडका उडाला सतराव्या शतकाच्या अखेरीस. मादाम ग्युयों ही विधवा निःस्वार्थ प्रेमाची आणि शांत प्रार्थनेची शिकवण देत होती. कॅम्ब्रेचे आर्चबिशप फेनेलों तिच्या पाठीशी उभे राहिले, तर बिशप बोस्यूए विरोधात. फेनेलों विचारत, समजा, अशक्य असलं तरी समजा, देवानं आपल्याला कायमचं दूर लोटलं, तरी प्रेम करणार का? बोस्यूएंना धास्ती होती की आशा सोडणारा माणूस हळूहळू प्रार्थनाही सोडेल. ही धास्ती पोकळ नव्हती, कारण विश्वास आणि प्रीती यांच्या जोडीला बायबलमध्ये प्रेषित पौलानं आशाही ठेवली आहे. ग्युयोंना बास्तीयच्या तुरुंगात डांबलं. १६९९ साली पोप बारावे इनोसंट यांनी फेनेलोंच्या पुस्तकातली २३ विधानं दोषी ठरवली. पहिलंच विधान असं होतं, की शिक्षेची भीती आणि बक्षिसाची इच्छा या दोन्हींना जागाच नाही अशी प्रेमाची कायमची अवस्था असू शकते. बातमी आली तेव्हा फेनेलों उपदेशाला उभे राहण्याच्या तयारीत होते. ठरलेला विषय सोडून ते आज्ञापालनावर बोलले.

निकालानं वाद मिटला, शिकवण मिटली नाही. पुढे कॅथलिक ग्युयोंचं चरित्र प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी संक्षेपानं छापलं.

ध्यानाला बसणाऱ्याला हा प्रश्न पोपच्या निकालापेक्षा रोजच्या प्रार्थनेत जास्त भेटतो. स्पेनचे संत योहान (१५४२–१५९१) लिहितात, की सुरुवातीला प्रार्थनेत मिळणारा गोडवा देव पुढे काढून घेतो आणि मन कोरडं पडतं. साधक तेव्हा देवासाठी बसला होता की गोडव्यासाठी, हे तिथेच कळतं. म्हणून ते सांगतात, की त्या कोरडेपणात धडपड करू नये, प्रेमानं देवाकडे लक्ष ठेवून नुसतं थांबावं.