पाण्यावर चाललेली गाडी : मिरजेच्या बार्शी लाईटची पार्श्वभूमी

सांगलीत नवख्या माणसाने ‘स्टेशन चौक’ विचारला की रिक्षावाला त्याला शहराच्या मध्यात आणून सोडतो. तिथे स्टेशन नाही, रूळही नाहीत. सांगली संस्थानाने 1907 मध्ये मिरजेपासून सांगलीपर्यंत टाकलेला पाच मैलांचा मीटरगेज (रुळांतलं अंतर एक मीटर) फाटा याच भागात येऊन थांबायचा. फाटा गेला, स्टेशन दुसरीकडे गेलं, चौकाचं नाव तेवढं उरलं. आमच्या जिल्ह्यात वाफेच्या गाडीच्या खुणा शोधायच्या तर त्या अशा नावांतच सापडतात.

निलगिरीत किंवा दार्जिलिंगला वाफेचं इंजिन धावतानाचे व्हिडिओ फिरायला लागले की मिरज-पंढरपूर पट्ट्यातल्या जुन्या माणसांचा प्रश्न ठरलेला असतो: आपली बार्शी लाईट, मिरज-पंढरपूर-लातूर धावणारी ती अरुंद रुळांची गाडी, अशी का नाही राखली? प्रश्न मनापासून येतो, पण त्याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं आणि त्या वाटेवर दर वळणावर पाणी आडवं येतं.

सुरुवात दुष्काळापासून. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं आणि जनावरं मेली. एका भागात धान्य असूनही ते दुसऱ्या भागात वेळेवर पोचवता आलं नाही. त्यानंतर सरकारने दुष्काळी मुलखातून रेल्वे नेण्याला जोर दिला आणि 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. 1890 च्या आसपास पुण्याहून सातारा, कराड, मिरज करत तिचा मीटरगेज मार्ग बेळगावच्या दिशेने गेला. 1891 मध्ये मिरजेपासून कोल्हापूरचा फाटा सुरू झाला. आदर्कीच्या घाटातून वाफेचं इंजिन धापा टाकत वर चढायचं. महाबळेश्वरला जाणारी मंडळी वाठारला उतरून पुढचा रस्ता टांग्याने धरायची.

या मार्गाचं एक वेगळं पानही सातारच्या माणसाला सांगायला हवं. 7 जून 1943 रोजी ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून रेल्वेचा पगार घेऊन जाणारी गाडी अडवली आणि ती रक्कम ताब्यात घेतली. शेणोलीला त्याचं स्मारक आहे. रुळालगत असल्यामुळे आजही गाडीच्या खिडकीतून कुणीतरी ते शेजारच्याला दाखवतं.

बार्शी लाईट मात्र या मोठ्या मार्गाची शाखा नव्हती. तिचा जन्म सोलापूर जिल्ह्यात झाला आणि तोही एका माणसाच्या हट्टातून. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग बार्शीला बगल देऊन गेला होता. बार्शीची बाजारपेठ कापसाची आणि धान्याची, माल मात्र बैलगाड्यांतून स्टेशनपर्यंत न्यावा लागे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर जीआयपीतच नोकरीला होता. स्वस्तातली हलकी रेल्वे अशा गावांना मुख्य मार्गाशी जोडू शकेल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. 1895 मध्ये कंपनी निघाली आणि 1897 च्या मार्चमध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोड स्टेशनपासून बार्शीपर्यंतचा 21 मैलांचा रस्ता खुला झाला. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर.

कॅल्थ्रॉपच्या डोक्यातली कल्पना समजल्याशिवाय या गाडीचं मोठेपण कळत नाही. तोवर अरुंद रुळांची गाडी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे खाणीतली किंवा मळ्यातली खेळण्यासारखी गाडी यायची. त्याने हिशेब उलटा मांडला. रूळ हलका असेल, दर यार्ड लांबीला (तीन फुटांना) फक्त 30 पौंडांचा, तर रुळावर पडणाऱ्या प्रत्येक ॲक्सलचं, म्हणजे चाकांच्या जोडीच्या दांड्याचं, वजन 5 टनांपेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही, आणि हा नियम डब्यांइतकाच इंजिनालाही लावायचा. एकदा मर्यादा ठरली की चाकं वाढवायची आणि वजन वाटून टाकायचं. म्हणून बार्शीसाठी लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांशी जोडलेली आठ चाकं होती आणि मागे आणखी चार लहान चाकं. डबे दाबून घडवलेल्या पोलादाच्या सांगाड्यांवर बसवलेले, हलके पण लांब. जोखडावर भार दोन्ही खांद्यांना सारखा बसला की बैल जास्त वाट चालतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कॅल्थ्रॉपने तेच लोखंडात केलं.

बार्शीचा धडा त्याने पुढे इंग्लंडला नेला. स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली नावाची अडीच फुटी रेल्वे 1904 मध्ये सुरू झाली. तिची इंजिनंही किटसनचीच आणि त्यांच्या कपाळावर हिंदुस्थानात शोभतील असे मोठे दिवे. ती रेल्वे 1934 मध्ये बंद पडली, आज तिच्या वाटेवर लोक चालायला आणि सायकली फिरवायला येतात. बार्शीची रेल्वे त्यानंतरही सत्तरेक वर्षं अरुंद रुळांवर धावत राहिली, याचा मला फार अभिमान वाटतो.

बार्शी लाईट दोन्ही टोकांनी वाढली. 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर आणि 1927 मध्ये पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, आरग करत मिरज. एकूण 202 मैल. 1 जानेवारी 1954 रोजी भारत सरकारने कंपनी विकत घेतली, तरी लोकांच्या तोंडी नाव ‘बार्शी लाईट’च राहिलं.

मिरज-पंढरपूरचा हा टप्पा पाहिला की वाफेच्या गाडीची खरी अडचण दिसते. आपण वाफेच्या इंजिनाला कोळशावर चालणारी गाडी म्हणतो. वजनाने पाहिलं तर ते कोळशाच्या सहा-सात पट पाणी पितं. पाणी उकळून वाफ झालं, सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून धुराड्यातून बाहेर पडलं की ते गेलं, परत मिळत नाही. आणि हा मार्ग जतच्या आणि कवठेमहांकाळच्या पट्ट्यातून, जिथे उन्हाळ्यात माणसालाच हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालावं लागायचं. त्यातून विहिरीचं पाणी जड असलं की बॉयलरच्या नळ्यांवर क्षाराचा थर चढतो. थर चढला की कोळसा जास्त लागतो, वाफ कमी होते, म्हणून बॉयलर ठरावीक दिवसांनी थंड करून धुवावा लागतो. आमच्या भागात बायका पाण्याचं भांडं आतून खरवडून घासतात, तेच काम, फक्त भांडं खूप मोठं.

पाणी घेण्याची रीत बघण्यासारखी असायची. फलाटाच्या टोकाला लोखंडी खांब, त्याला फिरता आडवा हात आणि हाताला लोंबणारी जाड नळी. इंजिन त्या खाली नेमकं उभं करायचं, हातभर पुढे-मागे झालं तर पुन्हा हलवायचं. फायरमन टाकीवर चढून झाकण उघडायचा, साखळी ओढून हात आपल्याकडे वळवायचा, नळी आत सोडायचा. खाली कुणीतरी चाक फिरवलं की पाणी धो धो पडायचं. टाकी भरून वाहू लागली की फायरमनची आरोळी. तेवढ्या वेळात ड्रायव्हर हातात तेलाची झारी घेऊन खाली उतरलेला, प्रत्येक सांध्यापाशी वाकून तेल सोडतोय आणि बेअरिंगवर तळहाताची उलटी बाजू टेकवून तापलंय का पाहतोय. तळहात टेकवत नाहीत, कारण भाजला तर फावडं धरता येत नाही. आसपासच्या पोरांना त्या सांडलेल्या पाण्याचं फार आकर्षण.

आषाढीला मात्र हीच लहानशी गाडी आपल्या ताकदीबाहेरचं ओझं वाहायची. डब्यात, पायरीवर, टपावर वारकरी. कॅल्थ्रॉपने कापसासाठी मांडलेला 5 टनांचा हिशेब पंढरीच्या गर्दीपुढे लागू पडायचा नाही, तरी गाडी पोचायची.

1971 पर्यंत पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. बेळगावकडची गाडी अजून मीटरगेजवर आणि पंढरपूरची नॅरोगेजवर. त्यामुळे 1990 च्या दशकात बेळगाव बाजूचे रूळ बदलेपर्यंत, जवळपास दोन दशकं, मिरज जंक्शनात तिन्ही मापांचे रूळ शेजारी-शेजारी होते: 1676, 1000 आणि 762 मिलिमीटर. मालाचं प्रत्येक पोतं एका मापाच्या डब्यातून दुसऱ्या मापाच्या डब्यात हमालाच्या पाठीवरून जायचं. मिरजेच्या हमालांनी त्या काळात किती टन माल नुसता फलाटभर अंतर हलवला असेल, याचा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

बार्शी लाईट का राखली नाही, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. वाफेची रेल्वे वारसा म्हणून जिथे टिकली, तिथे बहुतेक ठिकाणी डोंगराने तिला वाचवलं. मेट्टुपालयम ते कुन्नूर चढ इतका तीव्र की मधल्या दातेरी रुळाशिवाय गाडी चढत नाही, तिथे ब्रॉडगेज नेणार कसं? दार्जिलिंगचाही डोंगर तसाच आडवा. या दोन्ही रेल्वे अनुक्रमे 2005 आणि 1999 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. आमचा मार्ग सपाट, माल आणि माणसं भरपूर, रुंदीकरण अटळ होतं. 2011 पर्यंत मिरज-पंढरपूर ब्रॉडगेज झालं आणि ते योग्यच झालं. कवठेमहांकाळच्या द्राक्षवाल्याला गाडी बदलण्यात अर्धा दिवस घालवायला लावून वारसा जपायचा नसतो.

उरलेलं निम्मं उत्तर मला जास्त टोचतं. चालतं वाफेचं इंजिन म्हणजे रंग देऊन चौथऱ्यावर ठेवलेलं लोखंड नव्हे. त्याला बॉयलर दुरुस्त करणारा कारखाना लागतो, पहाटे आग पेटवून तासन्‌तास वाफ धरणारी माणसं लागतात, पाण्याचा खांब आणि राख पाडायचा खड्डा लागतो. निलगिरीची इंजिनं म्हातारी झाली तेव्हा तमिळनाडूतल्या गोल्डन रॉक कारखान्याने नवी बांधली, म्हणून ती चालतात. 1855 सालचं ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमुळे धावू शकलं. तेही लीड्सच्या त्याच किटसन घराण्याचं, बार्शीच्या पहिल्या इंजिनांचं थोरलं भावंड. मिरजेला किंवा कुर्डुवाडीला मैल-दोन मैल अरुंद रूळ, एक शेड आणि एक पाण्याचा खांब ठेवला असता, तर रुंदीकरणाच्या आड काहीही आलं नसतं.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी सोडली गेली. पहिल्या फेरीत 10 वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर. पाणी कृष्णेचं. पुढे मिरजेतल्या हैदरखान विहिरीपासून यार्डापर्यंत पाईप टाकला आणि 50 वाघिणींच्या फेऱ्या सुरू झाल्या, एका वेळी 25 लाख लिटर. यार्डात रात्री दिव्यांच्या उजेडात वाघिणींची तोंडं उघडून पाईप आत सोडलेले आणि वरती माणसं वाकून टाकी किती भरली ते बघतायत. गाडी मिरजेहून निघाली ती कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला गेली.